ट्यूब माईक प्रीॲम्पची दुरुस्ती: आधी मीटर, मग ट्यूब

गेल्या श्रावणात पंचवटीतल्या एका मित्राचा फोन आला. जुन्या वाड्यातल्या एका खोलीत तो भजनी मंडळांचं, कीर्तनकारांचं रेकॉर्डिंग करतो. "माईक लावला की भजी तळल्यासारखा आवाज येतोय रे. नवी ट्यूब घातली तरी तेच. आता दुसऱ्या कंपनीची मागवतो." मी म्हटलं, थांब, आधी प्रीॲम्पची पेटी घेऊन ये. (प्रीॲम्प म्हणजे माईकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र. या लेखात 'पेटी' म्हणजे तेच.) त्या संध्याकाळी दोष सापडला तो १०० किलोओहमच्या एका रेझिस्टरमध्ये. चार-पाच रुपयांची वस्तू. ट्यूब जुनीही चांगली होती, नवीही चांगली होती.

बहुतेक जण आधी ट्यूबच बदलतात, कारण ती डोळ्यांना दिसते आणि हाताने उपसता येते. माझ्या टेबलावर आलेल्या पेट्यांमध्ये मात्र दोष बहुधा कंडेन्सर, रेझिस्टर, सॉकेट किंवा ड्राय सोल्डरमध्ये (नीट न धरलेल्या सांध्यात) निघाला आहे. म्हणून मी दोष कोणत्या क्रमाने शोधतो, ते इथे सविस्तर लिहितो. सोल्डरिंग येतं आणि मीटर वापरता येतो, अशा वाचकांसाठी हे आहे.

आधी जिवाची काळजी

ट्यूबच्या प्लेटला, म्हणजे तिच्या प्लस टोकाला, साधारण २०० ते ३०० व्होल्ट डीसी लागतो. त्याचा झटका जीव घेऊ शकतो, आणि भिंतीतला प्लग काढल्यावरही तो व्होल्टेज कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. घरातल्या आरसीसीबीवर (करंट गळला की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) विसंबू नका. हा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी बाजूचा असतो, त्यामुळे तिथे शॉक बसला तर आरसीसीबी पडत नाही.

डिस्चार्जसाठी २२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावा, एक टोक मगरक्लिपने चेसिसला अडकवा आणि दुसरं प्रत्येक मोठ्या कंडेन्सरच्या प्लसवर दहा सेकंद धरा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टवरून पाच-सहा सेकंदांत एक-दोन व्होल्टांवर येतो. मग मीटर लावून खात्री करा. कंडेन्सर एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकावर हेच करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय अनेक मेकॅनिकना असते. त्यात ठिणगी उडते, कंडेन्सरला मार बसतो आणि हातही सुरक्षित राहत नाही.

चालू पेटीत मोजताना काळी वायर क्लिपने चेसिसला लावायची, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे. पायात रबरी चप्पल, फरशी कोरडी, घरात दुसरं कोणी तरी जागं. उच्च व्होल्टेजवर कधीच काम केलं नसेल तर पुढचा 'पेटी उघडण्याआधी' हा एक भाग वाचा आणि बाकीचं काम जाणत्या माणसाकडे सोपवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

एक फरक लक्षात ठेवा. बऱ्याच स्वस्त पेट्या ९ किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. त्यांत ट्यूबला फार कमी व्होल्टेज मिळतो आणि खरा गेन आयसी देतात, त्यामुळे खाली दिलेले प्लेटचे आकडे तिथे लागू होत नाहीत. काहींत आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, म्हणून मीटर लावल्याशिवाय तिथेही बोट घालू नका. अशा पेटीचा अडॅप्टर अनेकदा एसी आउटपुटचा असतो. तो हरवला म्हणून कोणी तेवढ्याच व्होल्टचा डीसी अडॅप्टर लावतं आणि पेटी बंद पडली म्हणून घेऊन येतं. लेबल वाचा.

पेटी उघडण्याआधी

माईक बदला, केबल बदला, लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसचं दुसरं इनपुट वापरून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात इतका केबलचा उपद्रव असतो. एक्सएलआर या तीन पिनांच्या माईक प्लगमधली शील्ड तुटली की घूं सुरू होते आणि दोष प्रीॲम्पवर येतो.

मग भिंतीतलं सॉकेट. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट बसवलेलं असतं, पण तिसऱ्या पिनला मागे वायरच नसते. मीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यात मोजा: २३० च्या आसपास दिसायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा पन्नास-शंभरावर तरंगत असेल तर अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अर्थिंग चांगलं असूनही घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप आहे (उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारी घूं), प्रीॲम्प निर्दोष. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवून पाहा. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट थेट माईकच्या जाळीवर येतो, आणि त्या जाळीला गायकाचे ओठ लागतात.

आवाज काय सांगतो

या पायरीवर घाई करू नका. एक एक्सएलआर प्लग घ्या आणि त्याच्या पिन २ व ३ मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. हा झाला खोटा माईक. तो लावला की खोलीतला पंखा, रस्त्यावरचा हॉर्न सगळं बाजूला राहतं आणि फक्त प्रीॲम्प ऐकू येतो. १५० ओहमचा रेझिस्टरही स्वतःच्या उष्णतेने थोडी सळसळ करतो, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट. त्याहून शांत प्रीॲम्प कोणीच बनवू शकत नाही, म्हणून पूर्ण गेनला हलकी स्स्स आली तर तो दोष धरू नका.

आता गेनचं बटण फिरवा. आवाज त्याबरोबर कमी-जास्त झाला तर दोष त्या पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) आधी आहे, फरक पडला नाही तर नंतर. एवढ्याने अर्धं सर्किट वगळलं जातं.

घूं असेल तर लॅपटॉपवर रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम पाहा. सर्वांत उंच रेघ ५० हर्ट्झवर असेल तर ती एसी हीटरमधून (ट्यूब तापवणाऱ्या तारेतून), ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थिंगमधून येते. १०० हर्ट्झवर असेल तर ती रेक्टिफायरनंतरची (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरची), म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकला आहे. हा एक फरक कळला की निम्मं काम वाचतं.

तळल्यासारखी, अनियमित खरखर बहुधा प्लेट रेझिस्टर, गळका कपलिंग कंडेन्सर (एका पायरीचा सिग्नल पुढच्या पायरीला देणारा) किंवा सॉकेटचा सैल संपर्क दाखवते. पेन्सिलीने ट्यूबला हलकी टिचकी मारल्यावर घंटेसारखं वाजत असेल तर ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, आणि इथे मात्र ती बदलणंच बरोबर. टिचकीने 'कर्र' असा तुटक आवाज आला तर सॉकेट किंवा सोल्डर. आवाज दबका पण स्वच्छ असेल तर कॅथोडचा (ट्यूबच्या मायनस टोकाचा) कंडेन्सर. आवाज फाटत असेल तर प्लेटचा व्होल्टेज मोजायलाच हवा.

आपल्याकडे पावसाळ्याचा एक खास दोष आहे. गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागते त्या दिवसांत काठावरच्या घरांच्या भिंतीही घाम सोडतात. ट्यूबच्या सॉकेटवर धूळ आणि जुना फ्लक्स साचलेला असेल तर ओल धरून त्यातून बारीक करंट वाहू लागतो. ग्रिडजवळचे (ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाजवळचे) रेझिस्टर १ मेगाओहमचे असतात, त्यामुळे एवढीशी गळतीही तिथे खरखर म्हणून ऐकू येते. पेटी तासभर तापली की ती बंद होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. अशी लक्षणं असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सॉकेट व त्याभोवतीचा बोर्ड घासा, रात्रभर वाळू द्या आणि मगच पुढे जा.

उघडल्यावर: डोळे, नाक आणि सिरीज बोर्ड

डिस्चार्ज केल्यावर नीट पाहा. फुगलेल्या टोपीचे कंडेन्सर, काळवंडलेले रेझिस्टर, बोर्डावरचा तपकिरी डाग. ट्यूबच्या आतला चंदेरी थर पांढरा झाला असेल तर काचेतून हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर आधी ती काढा आणि मागच्या पट्टीवर छापलेल्या मूल्याचा फ्यूज घाला. आकड्यापुढे टी असेल तर स्लो-ब्लोच हवा.

फ्यूज उडालेला असेल तर नवा घालून थेट प्लग लावू नका. सिरीज बोर्डवर (ज्यात बल्ब पेटीला सिरीजमध्ये जोडला जातो) ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा (एलईडी चालत नाही) आणि पेटी त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळतच राहिला तर आत शॉर्ट आहे. बंद करून, डिस्चार्ज करून ट्यूब काढा आणि पुन्हा पाहा. तरी जळत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या वायरी एकेक सोडवा. ज्या वायरीनंतर बल्ब मंदावतो त्या शाखेत दोष. सगळ्या सोडवूनही जळत राहिला तर ट्रान्सफॉर्मरच गेला. सिरीज बल्बवर मोजलेले व्होल्टेज खरे नसतात, तेव्हा आकडे घेण्यासाठी पेटी नंतर थेट मेन्सवर घ्या.

पेटी अनेक वर्षं माळ्यावर पडली असेल तर एकदम २३० देऊ नका. डिमरस्टॅट (मेन्सचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) मिळत असेल तर तास-दोन तासांत हळूहळू वर न्या, म्हणजे जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला थर पुन्हा बसतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कोणा ओळखीच्याकडे डिमरस्टॅट बहुधा असतोच.

पॉवर सप्लाय

तीन गोष्टी मोजायच्या: हीटर, बी-प्लस (प्लेटचा उच्च व्होल्टेज) आणि फँटम (केबलमधूनच माईकला दिला जाणारा व्होल्टेज). हीटर ६.३ किंवा १२.६ व्होल्टचा असतो आणि १० टक्के इकडे-तिकडे चालतो. एसी हीटर असेल तर त्याच्या दोन टोकांपासून ग्राउंडला बहुधा १०० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. त्यातला एक जळला की ५० हर्ट्झची मोठी घूं येते, आणि लोक विनाकारण फिल्टर कंडेन्सर बदलत बसतात.

बी-प्लस पायरीपायरीने उतरतो: पहिला कंडेन्सर, मग रेझिस्टर, मग दुसरा कंडेन्सर. प्रत्येक पायरीवर डीसी मोजा. मग ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कंडेन्सर लाल प्रोबला सिरीजमध्ये लावून एसी मोजा. शेवटच्या पायरीवर काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तिथला कंडेन्सर सुकला आहे. खात्रीसाठी पेटी बंद करून, डिस्चार्ज करून, चांगला कंडेन्सर त्याला तात्पुरता समांतर जोडा. १०० हर्ट्झची घूं गेली तर निदान पक्कं. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त आणि १०५ अंशांचा घ्या.

ट्यूबची पायरी: दोन आकड्यांचा ताळा

माझ्या मते या लेखातला सर्वांत उपयोगी भाग हाच. बहुतेक पेट्यांत १२एएक्स७ असते, तिलाच युरोपी नावाने ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे प्लेट-ग्रिड-कॅथोडचे दोन संच. सॉकेट खालून पाहताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने पिन मोजा. पहिल्या ट्रायोडची प्लेट १, ग्रिड २, कॅथोड ३, दुसऱ्याचे तेच अनुक्रमे ६, ७, ८. हीटर ४ आणि ५, मधला बिंदू ९.

समजा बी-प्लस २५० व्होल्ट, प्लेट रेझिस्टर १०० किलोओहम आणि कॅथोड रेझिस्टर १.५ किलोओहम आहे. कॅथोडवर १.३ व्होल्ट मिळाला. १.३ भागिले १,५०० म्हणजे सुमारे ०.८७ मिलिअँपिअर. हाच करंट प्लेट रेझिस्टरमधूनही वाहतो, म्हणजे तिथे ८७ व्होल्ट पडायला हवेत आणि प्लेटवर १६३ दिसायला हवेत. दिसले तर ही पायरी निरोगी.

मित्राच्या पेटीत कॅथोडवर ०.७५ होता, म्हणजे ०.५ मिलिअँपिअर. त्या हिशेबाने ५० व्होल्ट पडायला हवेत. प्लेटवर मात्र ११५ दिसले, म्हणजे १३५ पडत होते. १३५ भागिले ०.५ मिलिअँपिअर: २७० किलोओहम. रेझिस्टरवरचे पट्टे १०० सांगत होते, करंट २७० सांगत होता. एक पाय सोडवून मोजला तर मीटरनेही तेच दाखवलं. कार्बनचे जुने रेझिस्टर उष्णतेने असे चढतात आणि चढता चढता खरखरू लागतात. त्याजागी १ वॉटचा मेटल फिल्म घातला आणि तळण्याचा आवाज गेला.

बाकीचे नमुनेही असेच वाचा. प्लेटवर पूर्ण बी-प्लस आणि कॅथोडवर शून्य असेल तर करंट वाहतच नाही: हीटर पेटलेला नाही, ट्यूब संपली आहे किंवा सॉकेटचा संपर्क तुटला आहे. प्लेट फार खाली आणि कॅथोड नेहमीपेक्षा वर असेल तर ग्रिड मोजा. तिथे शून्य हवा. एखादा व्होल्ट जरी प्लसमध्ये दिसला तर मागच्या पायरीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. तो सोडवल्यावर ग्रिड शून्यावर आला की शंका उरत नाही. त्याजागी ४०० किंवा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर घाला. प्लेट खाली आणि कॅथोड शून्य असेल तर कॅथोडचा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा प्लेट रेझिस्टर तुटला आहे. हाच कॅथोडचा कंडेन्सर सुकला तर व्होल्टेज बरोबर दिसतात, पण त्या पायरीचा गेन जवळपास निम्मा होतो. मीटरला हा दोष दिसत नाही, कानाला दिसतो.

आता ट्यूब बदलून पाहायला हरकत नाही. पण पिनांची मांडणी सारखी वाटते म्हणून १२एएक्स७ च्या जागी ६९२२ घालू नका. तिचा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा आहे आणि पिन ९ वर हीटर नसून शील्ड आहे. १२.६ च्या वायरिंगमध्ये ती काही क्षणांत जळते.

सॉकेट बोर्डवर सोल्डर केलेलं असेल तर त्याचे नऊही सांधे पुन्हा तापवून ताजं सोल्डर द्या. ट्यूब रोज तापते, रोज थंड होते, आणि सांध्याभोवती केसासारखी गोल भेग पडते. भिंगाशिवाय ती दिसत नाही. संशयित जागा शोधायला चालू पेटीत कोरड्या लाकडी काडीनेच टोचा.

फँटम आणि इनपुट ट्रान्सफॉर्मर

माईक न लावता फँटम चालू करा. पिन १ ते २ आणि पिन १ ते ३ दोन्हीकडे ४८ व्होल्ट, फार तर चार इकडे-तिकडे. नुसतं एवढं पुरत नाही, कारण कमजोर सप्लायही रिकामा असताना ४८ दाखवतो. पिन १ आणि २ मध्ये ६.८ किलोओहमचा रेझिस्टर धरा. आतही ६.८ किलोओहमच असतो, म्हणून आकडा निम्म्यावर, २४ वर यायला हवा. मग पिन ३ वर तेच करा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आतल्या जोडीतला एक रेझिस्टर सरकला आहे. बदलायचे तर दोन्ही बदला आणि मीटरने निवडून जुळते घ्या, त्यांत ०.४ टक्क्यांहून जास्त फरक नको. जोडी बिघडली की केबलवर आलेली घूं रद्द होत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर त्यातून डीसी वाहून आवाजाचा खालचा भाग मळतो.

इनपुट ट्रान्सफॉर्मरला साध्या मीटरचा ओहम रेंज शक्यतो लावू नका. त्या छोट्या डीसीनेही त्याचा गाभा चुंबकित होऊ शकतो. त्याऐवजी सिग्नल देऊन पाहा. फँटम बंद करून १ किलोहर्ट्झचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल द्या. १:१० चा ट्रान्सफॉर्मर असेल तर सेकंडरीवर सुमारे दहापट दिसेल, आणि पहिल्या ट्यूबनंतर त्याच्या पन्नास-साठपट. जिथे आकडा अडतो तिथे दोष. प्लेटजवळचा सिग्नल लॅपटॉपने ऐकायचा असेल तर मध्ये ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कंडेन्सर, मग १०० किलोओहम आणि ग्राउंडकडे उलट-सुलट दोन १एन४१४८ डायोड हवेतच. नाही तर लॅपटॉपचं इनपुट जातं.

सुटे भाग आणि शेवटची चाचणी

रेझिस्टर, डायोड, साधे कंडेन्सर नाशकात एम. जी. रोडकडे चौकशी केली तर मिळतात. ४५० व्होल्टचे चांगले कंडेन्सर आणि नऊ पिनांची सिरॅमिक सॉकेट यांसाठी मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडतो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. जाताना यादीत प्रत्येक भागाची उंची, व्यास आणि पायांमधलं अंतरही लिहितो. मूल्य बरोबर असूनही पेटीत न बसणारा कंडेन्सर मी एकदा घेऊन आलो आहे.

दुरुस्तीनंतर पेटीचं झाकण लावून ती निदान चार तास चालू ठेवा. तासातासाने झाकण उघडून बी-प्लस आणि प्लेट मोजा. आकडे सरकत असतील तर काही तरी अजून तापतंय. मग थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा, कारण भेगाळलेला सांधा बहुधा थंड पेटीतच बोलतो. आधी खोटा माईक, मग खरा माईक आणि माणसाचा आवाज. मी तंबोरा लावतो. त्याचा झंकार हळूहळू विरतो, त्या शेवटच्या टोकाला लपलेली खरखर उघडी पडते.

सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून झाकणाला आतून चिकटवा. मित्राच्या पेटीत तो कागद आहे: बी-प्लस २४९, प्लेट १६२, कॅथोड १.३, फँटम ४८ आणि ४८.